अकिलीस टेंडनच्या टाक्यांची ताकद मोजायचीय? सोलापुरात थिसिस करणाऱ्या ज्युनिअर्ससाठी सगळी प्रोसेस

ऑर्थोला (हाडांच्या शाखेला) ॲडमिशन झाली की दोन-चार महिन्यांत थिसिसचा टॉपिक द्या म्हणून मागे लागतात आणि मग कुणीतरी सुचवतं, अकिलीस टेंडनच्या, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड पट्ट्याच्या, रिपेअरमध्ये कुठला टाका जास्त ताकदीचा हे मशीनवर तपास, पेशंटचा फॉलोअप नको, काम लवकर संपतंय. टॉपिक खरंच चांगलाय, मी स्वतः यातून गेलोय, पण लवकर संपतंय हे डोक्यातून काढून टाका. टाका घालायला अर्धा तास लागतो, त्याच्या आधीची जमवाजमव मात्र काही महिने खाते, आणि ती नीट झाली नसेल तर शेवटी मशीन जो आकडा देतं तो टाक्याचा नसतोच, तो क्लॅम्पचा असतो, सैल दोऱ्याचा असतो, नाहीतर वाळलेल्या टेंडनचा असतो. म्हणून सविस्तर लिहितोय. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये असा, कुंभारीच्या मेडिकल कॉलेजला असा नाहीतर हॉस्पिटलमधून डीएनबी करत असा, पायऱ्या याच आहेत.

१. आधी प्रश्न एका ओळीत लिहा

"वेगवेगळ्या टाक्यांची तुलना" हा प्रश्न नाही. "सारखाच दोरा आणि सारखेच स्ट्रँड (कापावरून पलीकडे जाणारे दोरे) असताना क्रॅको आणि मॉडिफाइड केसलर यांत ५ मिलिमीटर गॅप (दोन टोकांतली फट) पडायला किती न्यूटन लागतात" हा प्रश्न आहे. 

टाके थोडक्यात. बनेल म्हणजे टेंडनमधून तिरका आरपार जाणारा फुलीसारखा टाका. केसलर म्हणजे चौकोनी पकड. क्रॅको म्हणजे टेंडनच्या दोन्ही कडांनी लॉकिंग लूप घेत जायचं, दोरा ओढला की प्रत्येक लूप तंतूंचा एक गठ्ठा आवळून धरतो. हा क्रॅको १९८६ मध्ये आला. १९९५ च्या एका कॅडॅव्हर (मृतदेहाच्या टेंडनवरच्या) अभ्यासात तिघांची तुलना झालीय, तिथे क्रॅको साधारण १४७ न्यूटनला गेला, बनेल ९३ आणि केसलर ८५ ला. किलोत सांगायचं तर १५, साडेनऊ आणि साडेआठच्या आसपास, कारण १ किलोचं वजन म्हणजे ९.८१ न्यूटन. दुसरीकडे पळताना जिवंत माणसाच्या अकिलीसवर ९००० न्यूटनपर्यंत ताण मोजला गेलाय. म्हणजे कुठलाच टाका पळण्यासाठी नसतोच, प्लास्टर किंवा बूटमध्ये पाय हलवायला लागेपर्यंत दोन टोकं जवळ धरून ठेवणं एवढंच त्याचं काम, आणि आपण मोजायचं ते हेच.

इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे स्ट्रँडची संख्या. कापलेल्या जागेवरून किती दोरे पलीकडे जातात ते मोजा. साध्या क्रॅकोत दोन जातात, डबल क्रॅकोत चार. आता चार स्ट्रँडचा क्रॅको एका बाजूला आणि दोन स्ट्रँडचा केसलर दुसऱ्या बाजूला ठेवलात तर क्रॅको जिंकणारच, त्यात तुम्ही काय शोधलं? लूप वाढवून फारसा फरक पडत नाही, स्ट्रँड वाढवले की पडतो, हे आधीच माहिती आहे. तेव्हा स्ट्रँड सारखे ठेवा किंवा मग स्ट्रँड हाच प्रश्न करा.

माझं मत विचाराल तर दोनच टाके घ्या. तीन-चार घेतले की टेबल छान दिसतो पण प्राण्याला मागचे पाय दोनच असतात. डावा-उजवा एकाच जनावराचा घेऊन एकाला हा टाका आणि दुसऱ्याला तो, असं केलं की वय, वजन, जात यांचा फरक आपोआप निघून जातो.

२. कागदपत्रं

मशीनच्या मागे लागण्याआधी हे सुरू करा, कारण सह्या गोळा व्हायला वेळ लागतो.

- सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा), गाईड आणि एचओडीच्या (विभागप्रमुखांच्या) सहीसकट (नाशिकच्या विद्यापीठाचा त्या वर्षीचा फॉरमॅट बघा, सिनिअरची जुनी फाईल कॉपी करू नका)
- इन्स्टिट्यूशनल एथिक्स कमिटीचं पत्र
- प्राण्यांचं टिश्यू असेल तर ॲनिमल एथिक्स कमिटीकडून लेखी उत्तर
- टेस्टिंग जिथे करणार त्या कॉलेजच्या किंवा लॅबच्या प्रमुखांचं परवानगीपत्र
- त्या मशीनच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटची झेरॉक्स, तारीख चालू असलेली
- टिश्यू कुठून आणलं त्याची पावती
- बायोमेडिकल वेस्ट कसा टाकणार याची एक पानाची नोंद

ॲनिमल कमिटीबद्दल पुष्कळ जण म्हणतात की बकरं तर खाण्यासाठीच कापलं होतं, आपण त्याच्यावर प्रयोग केला नाही, मग परवानगी कशाला. मुद्दा बरोबर आहे, पण तो तुम्ही ठरवायचा नाही, कमिटीने लिहून द्यायचा. "परवानगीची गरज नाही" हेसुद्धा लेटरहेडवर हवं. पेपर पाठवताना जर्नल पहिलं तेच मागतं.

माणसाचं कॅडॅव्हर वापरायचं असेल तर ॲनाटॉमी ॲक्टखाली ॲनाटॉमी विभागाच्या प्रमुखांमार्फतच जावं लागतं. पण थांबा, डिसेक्शन हॉलमधली बॉडी फॉर्मलिनमध्ये असते, फॉर्मलिनने कोलॅजेनचे तंतू एकमेकांना जखडून जातात आणि टेंडनचा मूळ स्वभावच बदलतो. टाका त्यात वेगळाच धरतो. फ्रेश फ्रोझन (ताजं गोठवलेलं) मिळत असेल तरच माणसाचं घ्या, नाहीतर प्राण्याचं बरं.

३. टेंडन कुठून आणि कसं आणायचं

बाहेरच्या पेपरमध्ये बोवाइन (गोवंशाचं) अकिलीस असं सर्रास दिसेल. आपल्याकडे गायीच्या कत्तलीला आधीपासून आणि बैल-वळूच्या कत्तलीला २०१५ पासून बंदी आहे, तेव्हा ती मेथड जशीच्या तशी सिनॉप्सिसमध्ये चिकटवू नका, कमिटी तिथेच अडवेल. राहिले शेळी-मेंढी, म्हैस, डुक्कर. म्हशीचं टेंडन माणसापेक्षा खूप जाड, त्यात मोठा टाकासुद्धा हरवून जातो. बोकडाचं बारीक, पण शहरात रोज मिळतं आणि दोन्ही पाय एकाच जनावराचे आहेत याची खात्री करता येते. मी मोठ्या, पूर्ण वाढ झालेल्या बोकडाचं किंवा मेंढ्याचं सुचवेन, दोरा मग त्या मापाचा, म्हणजे नंबर २. नंबर ५ त्यात फार जाड पडतो.

आता दुकानात नेमकं काय होतं ते बघा. बोकड सोलताना मागच्या पायाला टाचेच्या वर, हाड आणि शीर यांच्या मधल्या जागेत भोक पाडून आकड्याला उलटं टांगतात. ते भोक बरोबर आपल्या टेंडनला लागून असतं. सुरी जरा सरकली तर टेंडनच्या कडेला चीर पडते आणि ती चीर वरून दिसतही नाही, मशीनवर मात्र तिथूनच फाटतं. दुसरं म्हणजे पाया वेगळा करताना सांध्यावर घाव घालतात, त्यात टाचेचं हाड तुटून जातं आणि आपल्याला तर हाड टेंडनला जोडलेलंच पाहिजे. म्हणून फोनवर ऑर्डर देऊ नका, भल्या सकाळी स्वतः जा, खाटीकमामांना बोट लावून दाखवा की इथे टांगू नका, दोरीने खुरापाशी बांधा, आणि गुडघ्यापासून खुरापर्यंतचा भाग अखंड द्या. थोडे जास्त पैसे द्या, माणूस नीट देतो. प्रत्येक पायाला तिथेच टॅग लावा, जनावराचा नंबर आणि डावा का उजवा. एकदा पिशवीत मिसळले की संपलं.

घरी, म्हणजे लॅबमध्ये, आल्यावर आणखी एक गोष्ट. शेळी-मेंढीत टाचेवर एकच टेंडन नसतं. गॅस्ट्रोक्नेमियसच्या (पोटरीच्या स्नायूच्या) टेंडनला वळसा घालून सुपरफिशियल डिजिटल फ्लेक्सर हे बोटं वाकवणारं टेंडन खुराकडे जातं आणि दोन्ही एकत्र असल्यासारखी दिसतात. ते वेगळं करून काढून टाका, नाहीतर काही नमुन्यांत एक आणि काहींत दोन टेंडन पकडली जातील.

साठवणं सोपं आहे. सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, झिप बॅग, हवा काढा, उणे २० अंशाला डीप फ्रीझर. टेस्टच्या आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये काढून ठेवा. एकदा वितळलं की परत गोठवायचं नाही. लाइट जाते तेव्हा फ्रीझर बॅकअपवर आहे का हे आधी विचारा, विभागाच्या साध्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर विसंबून राहू नका.

४. मशीन शोधणं

इथे बहुतेक जण अडकतात. यूटीएम म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये असतं, एवढं ऐकून आपण जातो, सर प्रेमाने दाखवतात, आणि ते निघतं सळया ओढायचं ४०० किलोन्यूटनचं अवजड हायड्रॉलिक मशीन. त्याच्या पूर्ण क्षमतेच्या २ टक्क्यांपासून पुढचंच रीडिंग भरवशाचं धरलं तरी ते ८००० न्यूटन होतात, आणि आपला टाका सुटणार दोन-चारशे न्यूटनच्या आत. त्या मशीनला आपलं टेंडन तुटलं हे कळणारही नाही. पोत्यांच्या वजनकाट्यावर सोनं मोजण्यासारखं आहे ते.

तुम्हाला पाहिजे कॉम्प्युटरला जोडलेलं टेबलटॉप मशीन, लोड सेल (ताण मोजणारा भाग) १ किलोन्यूटनचा, फार तर ५ चा. चौकशी अशोक चौकातल्या वालचंदपासून सुरू करा, मेकॅनिकलवाल्यांना विचारा, सिव्हिल इंजिनिअरिंगवाल्यांना नको. आणि आपलं गाव चादर-टॉवेलचं आहे हे विसरू नका. कापडाची पट्टी ओढून ताण तपासणारी मशीन बऱ्याचदा आपल्याला हव्या त्याच रेंजची असतात. कुठल्या टेक्स्टाइल लॅबने परवानगी दिली तर सोनं. फक्त सुताचा एकेक धागा तपासणारं मशीन नको, त्याची क्षमता फारच कमी असते. टिश्यू आणणार हे आधीच स्पष्ट सांगा, टेबलावर प्लॅस्टिक अंथरणार, नंतर हायपोक्लोराइटने पुसून देणार, जबडे तुमच्याच खर्चाने बनवून आणणार, हे सगळं पत्रात लिहा. मटणाचा पाय आपल्या मशीनवर म्हटल्यावर कुणीही दचकेल आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

विचारायचे प्रश्न: लोड सेल किती आणि कॅलिब्रेशन कधीचं? सेकंदाला किती रीडिंग नोंदवतं? कच्चा डेटा एक्सेलमध्ये मिळतो का फक्त प्रिंट? सायक्लिक लोडिंग (परत परत ताण देणं-सोडणं) होतं का? शेवटच्याचं उत्तर बऱ्याचदा "नाही" येतं, त्यावर खाली बोलू.

५. पकड, म्हणजे क्लॅम्प

टेंडन ओलं आणि निसरडं. साध्या जबड्यात धरलं की हळूहळू सरकतं, ग्राफ वर जातो, मग सपाट होतो, आणि आपण समजतो टाका सैल झाला. टाका जागेवरच असतो.

हाडाच्या बाजूला फार त्रास नाही, टाचेचं हाड बोन सिमेंटमध्ये बसवा, आडवी एक के वायर (हाडात घालायची बारीक तार) घाला, तो ठोकळा जिगमध्ये (नमुना धरणाऱ्या साच्यात) बोल्टने आवळा. वरच्या बाजूला स्नायू जवळजवळ सगळा खरवडून काढा आणि टेंडन खरबरीत पॉलिश पेपरच्या दोन थरांत घालून दात असलेल्या जबड्यात धरा. बोकडाच्या मापाला आणि टाक्यांच्या लोडला हे बहुतेक वेळा पुरतं. न तुटलेलं टेंडन कंट्रोल म्हणून तुटेपर्यंत ओढायचं असेल तर मात्र पुरत नाही, तिथे क्रायो क्लॅम्प लागतो, म्हणजे जबडाच गोठवायचा. लिक्विड नायट्रोजन कुठे मिळणार असं वाटेल, पण जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी ते वापरतात, पशुसंवर्धनवाल्यांकडे चौकशी करा. गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवा, बंद गाडीत गॅस साठला तर श्वास कोंडून जीव जाऊ शकतो. हातात जाड ग्लोव्हज, डोळ्याला चष्मा, आणि डब्याचं झाकण कधीही घट्ट बंद करायचं नाही.

जबड्याच्या कडेपाशी टेंडनवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. टेस्टनंतर रेघ सरकलेली दिसली तर तो नमुना बाद. किती नमुने असे बाद झाले ते थिसिसमध्ये लिहा.

६. टाका घालणं

सगळे टाके एकाच माणसाने घालायचे. दोरा एकाच कंपनीचा, एकाच नंबरचा, शक्य असेल तर एकाच बॅचचा. ओटीतून उरलेले, तारीख संपलेले दोरे गोळा करायचा मोह होतो, करू नका. अर्धे एथिबॉन्ड, अर्धे फायबरवायर झाले तर तुलना तिथेच संपली, कारण फायबरवायरच्या आत अल्ट्रा हाय मॉलिक्युलर वेट पॉलिएथिलिन असतं, त्याची ताकद वेगळी आणि गाठ सरकायची सवयही वेगळी.

टेंडन टाचेच्या हाडापासून ठरावीक अंतरावर नवीन ब्लेडने आडवं कापा. माणसात रप्चर (टेंडन तुटणं) बहुतेक २ ते ६ सेंटिमीटर वर होतं, बोकडात त्या हिशोबाने एक अंतर ठरवा आणि सगळ्यांत तेच ठेवा. कापलेल्या टोकापासून पहिली बाइट (सुई शिरायची जागा) किती लांब, किती लूप, लूपमध्ये किती अंतर, गाठीला किती थ्रो (वेढे), सगळं आधी कागदावर. व्हर्नियरने मोजून टेंडनवर मार्करचे ठिपके द्या आणि सुई त्या ठिपक्यातूनच घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्रॅको घालताना प्रत्येक लूपनंतर दोरा ओढून त्यातला ढिलेपणा काढायचा असतो, शेवटी एकदम ओढून चालत नाही, कारण लॉक झालेल्या लूपमधून ताण मागे पोचतच नाही. चार लूप घेतले, प्रत्येकात अर्धा मिलिमीटर सैल राहिला, तर एका कडेलाच दोन मिलिमीटर झाले, दोन्ही टोकं धरली तर आणखी. मशीन ओढायला लागलं की आधी हा ढिलेपणा निघतो आणि गॅप पडते, दोरा तर अजून ताणलेलाही नसतो. क्रॅको ताकदीचा पण गॅप जास्त असा निकाल आला की आधी इथे बघायचं. एकाने लूप घ्यायचा, दुसऱ्याने बोटाने टेंडन धरायचं, दोरा टेंडनच्या रेषेत ओढायचा, तंतू किंचित गोळा होताना दिसले की थांबायचं. जास्त ओढलं तर टोक गोळा होऊन फुगतं, तेही चुकीचंच. हे हाताला बसेपर्यंत प्रॅक्टिसचे पाय वेगळे आणा आणि ते डेटात घेऊ नका.

कडेने एपिटेंडिनस (टेंडनच्या वरच्या थरातून फिरणारा) टाका घालायचा का नाही हे आधी ठरवा. त्याने गॅप कमी पडते, म्हणून घातला तर दोन्ही गटांत घाला. सोबत दोन-चार नुसते दोरे गाठ मारून मशीनवर तोडून बघा. गाठ मारलेला दोरा सरळ दोऱ्यापेक्षा आधी तुटतो, तो आकडा हाताशी असला की टाका त्याच्या किती जवळ पोचला हे सांगता येतं.

७. टेस्टचा दिवस

शक्यतो डिसेंबर-जानेवारीत करा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, पंख्याखाली टेंडन बघता बघता कोरडं पडतं आणि कोरडं टेंडन कडक होतं. सलाइनची स्प्रे बाटली ठेवा, एक माणूस फक्त त्याच कामाला. कुठला नमुना कधी लावायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, सकाळी सगळे केसलर आणि दुपारी सगळे क्रॅको असं करू नका.

क्रम असा: लोड सेल शून्यावर आणा, नमुना लावा, १० न्यूटन प्रीलोड (सुरुवातीचा हलका ताण) द्या, मग सायकल. पुष्कळ अभ्यासांत २० ते १०० न्यूटनच्या १००० सायकल, मग २० ते १९०, मग २० ते ३६९ असं चढत जातात, यातले १९० आणि ३६९ हे आकडे टाचेखाली उंची दिलेल्या किंवा न दिलेल्या बूटमध्ये चालताना येणाऱ्या ताणावरून घेतलेत. ते माणसाच्या टेंडनसाठी आहेत, बोकडाच्या बारीक टेंडनला वरचे टप्पे झेपतीलच असं नाही, पायलटवर (आधीच्या छोट्या चाचणीवर) ठरवा. सेकंदाला एक सायकल धरली तर १००० ला पावणेसतरा मिनिटं लागतात. मशीन तेवढं करू शकत नसेल तर जमेल त्या वेगाने शंभर सायकल घ्या आणि तसं स्पष्ट लिहा. शेवटी मिनिटाला २० मिलिमीटर वेगाने तुटेपर्यंत ओढा.

गॅप मशीनच्या डिस्प्लेसमेंटवरून मोजू नका, त्यात क्लॅम्पचं सरकणं, टेंडनचं ताणणं सगळं आलं. कापाच्या दोन्ही बाजूंना शाईचे ठिपके द्या, शेजारी स्टीलची पट्टी उभी ठेवा, मोबाईल ट्रायपॉडवर लावून समोरून व्हिडिओ घ्या आणि स्क्रीनवरचा लोडही त्याच फ्रेममध्ये येऊ द्या. नंतर इमेज-जे या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम मोजता येतात. मोजणाऱ्याला कुठला गट हे सांगू नका, अर्थात टाका बघून कळतोच, म्हणून दोघांनी वेगवेगळं मोजलेलं बरं.

प्रत्येक नमुन्याला तुटलं कसं ते लगेच लिहा: दोरा गाठीपाशी तुटला, दोरा टेंडन चिरत बाहेर आला, गाठ सुटली, का क्लॅम्पमधून निसटलं. लॉकिंग टाक्यात साधारण दोरा तुटतो आणि साध्या पकडीच्या टाक्यात तो टेंडन चिरत बाहेर येतो. तुमचं उलटं आलं तर लपवू नका, फोटो काढा.

काम झाल्यावर टिश्यू पिवळ्या पिशवीत, सुया-ब्लेड पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यात, आणि पिशवी परत हॉस्पिटलला आणून बायोमेडिकल वेस्टमध्येच द्या, कॉलेजच्या कचराकुंडीत नाही. पुढच्या वर्षीच्या ज्युनिअरला तेच मशीन लागणार आहे.

८. आकडे आणि लिखाण

सॅम्पल साइज पायलटच्या स्टँडर्ड डेव्हिएशनवरून काढा, कम्युनिटी मेडिसिनच्या सरांकडे टेस्टिंगच्या आधी जा, नंतर नाही. डावा-उजवा जोडी असेल तर पेअर्ड टी टेस्ट, डेटा वाकडा असेल तर विल्कॉक्सन. अनपेअर्ड वापरलात तर जोडी लावायची सगळी मेहनत वाया.

निकालात तीन गोष्टी द्या: ५ मिलिमीटर गॅपचा लोड, तुटतानाचा लोड, आणि कसं तुटलं. पहिली सगळ्यात पुढे, कारण टेंडन लांबून जुळलं की पेशंटला पुढे पंजावर उभं राहायला जोर मिळत नाही, दोरा शाबूत असला तरी.

निष्कर्षात "क्रॅको पेशंटसाठी उत्तम" असं लिहू नका. तुम्ही मोजलंय ते टाका घातल्या क्षणाचं, मेलेल्या टिश्यूतलं, ब्लेडने सरळ कापलेल्या टेंडनमधलं. खऱ्या रप्चरमध्ये टोकं झिरमिळ्या झालेली असतात. शिवाय क्रॅकोला मोठा छेद लागतो, जखमेचा त्रास होऊ शकतो, पर्क्युटेनियसमध्ये (कातडीला बारीक भोकं पाडून घातलेल्या टाक्यात) सूरल नर्व्ह ही जवळची नस अडकायची भीती असते, आणि यातलं काहीच मशीनला दिसत नाही. व्हायव्हात एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) बरोबर इथेच बोट ठेवतात, तेव्हा हे सगळं लिमिटेशनमध्ये आधीच लिहिलेलं असू द्या. मशीनच्या कच्च्या फाईल आणि व्हिडिओ दोन ठिकाणी ठेवा, एक कॉपी गाईडच्या मेलवर त्याच संध्याकाळी.